दोन टिंबं आणि एक तिरपी रेघ

गेल्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सर्व्हर-रूममध्ये बसलो होतो. रॅकवर झेंडूचा सुकलेला हार, स्विचच्या पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि दाराला लिंबू-मिरची. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायला माझी ना नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडावेत. पण हळदीची पूड पंख्यात जाते, आणि लिंबाने डेटाचं एखादं पॅकेट अडवल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही. शेजारच्या फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कमधली नको ती ये-जा अडवणाऱ्या डब्यावर, 'एआय-संचालित सुरक्षा' असा चकचकीत स्टिकर होता. त्या दिवशी त्याची आणि लिंबाची कामगिरी सारखीच निघाली.

मला बोलावलं होतं ते नेटवर्क मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर तपासायला, प्राचार्यांच्या लेखी परवानगीने. मदतीला दिलेला तिसऱ्या वर्षाचा मुलगा उत्साहात होता. "सर, पासवर्ड क्रॅक व्हायला किती वेळ लागेल?" सिनेमातला हॅकर आणि काळ्या पडद्यावरून ओघळणारी हिरवी अक्षरं पोरांच्या डोक्यातून जात नाहीत. म्हटलं, पासवर्ड लागेलच असं नाही. आधी फाइल मागून तर बघू.

मोठ्या कॉलेजात शेकडो स्विच, राउटर आणि वायफायचे डबे असतात. प्रत्येकाजवळ जाऊन विचारपूस कोण करणार? म्हणून एक सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर बसून दर काही मिनिटांनी सगळ्यांना 'बरं आहे ना?' असं विचारतं, बहुतेक ठिकाणी एसएनएमपी नावाच्या १९८८ सालापासूनच्या भाषेत. जो बोलत नाही तो पडद्यावर लाल होतो. शिवाय हे सॉफ्टवेअर रात्री प्रत्येक स्विचच्या सेटिंगची प्रत स्वतःकडे आणून ठेवतं आणि महिन्याचे अहवालही बनवतं. आमची गोष्ट या अहवालांपासून सुरू होते.

अहवाल बघायला ब्राउझरमधून मागणी जाते: फाइल=जून.पीडीएफ. सर्व्हर काय करतो? त्याच्याकडे अहवालांच्या फोल्डरचा पत्ता ठरलेला असतो, समजा /ऑप्ट/एनएमएस/वेब/अहवाल/. त्यापुढे तुम्ही दिलेलं नाव चिकटवायचं, फाइल उघडायची, पाठवून द्यायची. कोड दोन ओळींचा. आता नावाच्या जागी मी लिहिलं: ../../बॅकअप/मुख्य-स्विच.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घडणीत प्रत्येक फोल्डरमध्ये, तुम्ही काही ठेवलं नसलं तरी, दोन नोंदी असतात. एक टिंब म्हणजे 'मी स्वतः', दोन टिंबं म्हणजे 'माझ्या वरचा'. म्हणजे अहवालातून एकदा वर गेलं की वेब, दोनदा गेलं की एनएमएस, तिथून खाली बॅकअपमध्ये. पत्ता चिकटवताना सर्व्हरला वाटतं आपण अहवालातच आहोत. पण पत्ता म्हणजे नुसतं अक्षरांचं वाक्य. त्यावर चालत जाणारी ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी असते, आणि ती वाक्यात लिहिलंय तसंच चालते. याला डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल म्हणतात. बोलताना आम्ही नुसतं 'डॉट डॉट स्लॅश' म्हणतो.

एक गंमत इथेच सांगतो. सगळ्यांच्या वर असलेल्या मूळ फोल्डरच्या दोन टिंबांचं काय? त्याच्या वर तर कोणी नाही. तिथे दोन टिंबंही 'मी स्वतः'च. माळ्यावर पोचल्यावर आणखी वर पाय टाकला तरी माळ्यावरच. त्यामुळे हल्लेखोराला आपण किती मजले खाली आहोत हे ठाऊक असण्याची गरजच नाही. डझनभर डॉट डॉट स्लॅश लावून द्यायचे, जास्तीचे आपोआप वाया जातात.

"मग दोन टिंबं दिसली की हाकलून द्यायचं," पोरगा म्हणाला. बहुतेक प्रोग्रामरना पहिल्यांदा हेच सुचतं. इथून पुढचा भाग माझ्या आवडीचा आहे, तेव्हा थोडं लांबेल.

समजा वाड्याच्या दिंडीदरवाजावर एक पहारेकरी आहे. त्याला फक्त बाळबोध, म्हणजे देवनागरी, वाचता येतं. चिठ्ठीत 'तिजोरी' शब्द दिसला की चिठ्ठी परत, असा हुकूम. आत बसलेल्या कारकुनाला बाळबोधही येतं आणि मोडीही. मी 'तिजोरी' मोडीत लिहून दिली, तर पहाऱ्यावर ती नुसती वेलबुट्टी आणि आत गेल्यावर अस्सल हुकूम. पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल ज्यांनी पाहिलेत त्यांना त्या पहारेकऱ्याची अवस्था कळेल.

वेबवरची मोडी म्हणजे टक्क्याच्या खुणेने लिहिलेले संकेत. टिंबासाठी %२ई, स्लॅशसाठी %२एफ. पहारा आधी आणि उलगडा नंतर असेल, तर %२ई%२ई%२एफ सरळ आत जातं. बरं, प्रोग्रामरने आधी उलगडून मग तपासलं, पण आत कोणीतरी पुन्हा एकदा उलगडतं, असं असेल तर? टक्क्याच्या खुणेचाही संकेत आहे: %२५. म्हणून %२५२ई लिहायचं. पहिल्या उलगड्यात ते %२ई होतं, पहारेकरी 'यात टिंब कुठंय?' म्हणून सोडतो, दुसऱ्या उलगड्यात टिंब उगवतं. काही जण ../ दिसलं की हाकलत नाहीत, खोडून टाकतात. त्यांच्यासाठी ....// आहे. मधले ../ खोडा आणि उरलेलं काय जोडलं जातं ते कागदावर करून बघा.

२००० सालच्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमधलं असंच एक भोक जाहीर झालं. ते समजायला थोडी शून्यं-एकं सहन करावी लागतील. स्लॅशचा क्रमांक ४७, म्हणजे द्विमानात १०११११. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तो एका बाइटमध्ये, म्हणजे आठ शून्यं-एकांत, मावतो आणि एकाच बाइटमध्ये लिहायला हवा. पण दोन बाइटचा साचा घेतला, ज्यात पहिल्याच्या सुरुवातीला ११० आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला १० असतं, तर ११०००००० १०१०११११ असंही लिहिता येतं. साच्याच्या खुणा काढल्या की उरतं ०००००१०११११, म्हणजे पुन्हा ४७. चेकवर ४७ ऐवजी ००४७ लिहिण्यातला प्रकार. रक्कम तीच, पण 'चार-सात' एवढंच शोधायला शिकवलेल्या पहारेकऱ्याला ती वेगळी वाटते. आयआयएस %सी०%एएफ हे पहाऱ्यावर परकं समजायचं आणि आत गेल्यावर स्लॅश समजायचं. १८ सप्टेंबर २००१ रोजी पसरलेल्या निम्डा या संगणकी किड्याने (आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने) आत शिरण्याच्या अनेक वाटांमध्ये हीही वापरली. दुरुस्ती तेव्हा वर्षभर जुनी होती. लोकांनी ती लावली नव्हती.

वीस वर्षांनी शहाणपण आलं असेल असं वाटत असेल, तर अपाचे या वेब सर्व्हरचं उदाहरण घ्या. २.४.४९ या आवृत्तीत पत्ता साफ करण्याचा कोड नव्याने लिहिला गेला. त्यात पहिलं टिंब साधं आणि दुसरं सांकेतिक, म्हणजे .%२ई/ असं असलं की ते नजरेतून निसटायचं. ४ ऑक्टोबर २०२१ ला दुरुस्ती म्हणून २.४.५० आली. मग लोकांनी %%३२%६५ लिहून पाहिलं. %३२ म्हणजे २, %६५ म्हणजे ई. उलगडलं की हाती येतं %२ई, आणि ते पुन्हा उलगडलं की टिंब! ७ तारखेला २.४.५१ काढावी लागली. ज्यांच्या सेटिंगमध्ये मूळ फोल्डरवर 'सगळ्यांना मनाई' ही जुनी ओळ होती, त्यांच्या फाइली वाचल्या.

जुलै २०२० मध्ये एफ५ कंपनीच्या, नेटवर्कवरची वाहतूक वाटून देणाऱ्या बिग-आयपी यंत्रांच्या व्यवस्थापन पडद्यात सापडलेली चूक तर मला कायम दाद द्यावीशी वाटते. तिथे पुढे अपाचे आणि मागे टॉमकॅट हा दुसरा सर्व्हर, असे दोन वाचक होते. चिठ्ठीत होतं ..;/ म्हणजे दोन टिंबांनंतर अर्धविराम. अपाचेच्या मते हे '..;' नावाचं एखादं फोल्डर, त्याचं काय एवढं! टॉमकॅटच्या मते अर्धविरामापासून पुढचं सोडून द्यायचं असतं. उरली दोन टिंबं, आणि लॉगिन न करताच आतलं दार उघडलं. धोक्याच्या मापात तिला दहापैकी जवळपास पूर्ण गुण मिळाले. लिहिलेलं तेच, वाचणारे दोघे आपापल्या जागी बरोबर, आणि भोक दोघांच्या मधे.

आता हे नेटवर्क मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरमध्येच जास्त का झोंबतं? एक म्हणजे ते बहुधा सर्वाधिकारी, युनिक्सच्या भाषेत 'रूट', म्हणून चालतं. स्विचच्या सेटिंगची ने-आण बऱ्याचदा टीएफटीपी या फाइल पोचवण्याच्या साध्या पद्धतीने होते. तिचा सर्व्हर ६९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, बसतो आणि युनिक्समध्ये १०२४ खालची पोर्टं परंपरेने रूटशिवाय मिळत नाहीत. टीएफटीपीत नाव-पासवर्ड विचारायची सोयच नाही, हे वेगळंच. रूटला सगळ्या फाइली वाचता येतात, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमचा शेवटचा अडसरही गेला. दुसरं म्हणजे तिथे सगळ्या गावच्या किल्ल्या एका खुंटीला टांगलेल्या. नेटगिअरच्या एनएमएस३०० या अशाच सॉफ्टवेअरमध्ये २०१६ साली असंच सापडलं होतं: फोटोच्या नावात दोन टिंबं घालून सर्व्हरवरची कुठलीही फाइल उतरवता यायची.

आमच्या सर्व्हरने मुख्य स्विचची सेटिंग अर्ध्या सेकंदात पाठवून दिली. मुलाने खुर्ची पुढे ओढली. एसएनएमपीचा परवलीचा शब्द तिथे सरळ अक्षरांत लिहिलेला. खाली पासवर्डसमोर ७ हा आकडा. सिस्को स्विचवर हा सातवा प्रकार म्हणजे कुलूप कसलं, दोरीची गाठ. ती सोडवण्याची रीत सगळ्या जगाला माहीत आहे. त्याने ती मिनिटभरात सोडवली आणि मग माझ्याकडे बघायचं टाळलं.

दुरुस्ती वाटते त्यापेक्षा सोपी आहे. वाईट शब्द शोधत बसायचं नाही. पत्ता ऑपरेटिंग सिस्टिमकडून पूर्ण सोडवून घ्यायचा, सगळी टिंबं संपल्यावर जो खरा पत्ता उरतो तो अहवालांच्या फोल्डरमधला आहे का ते बघायचं, आणि तोच उघडायचा. तुलना करताना शेवटचा स्लॅश विसरलात तर 'अहवाल-जुने' हे फोल्डरही 'अहवाल'मध्येच धरलं जातं, एवढं सांभाळा. त्याहून बरं म्हणजे फाइलचं नाव घ्यायचंच नाही. 'अहवाल क्रमांक ६' मागू द्या, नाव सर्व्हर स्वतः शोधेल. अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला मे २०२४ मध्ये सॉफ्टवेअर कंपन्यांना नेमकं याबद्दल जाहीर पत्रक काढून सांगावं लागलं, की ही चूक कशी टाळायची हे कित्येक वर्षं माहीत आहे.

कॉलेजने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली, सगळे पासवर्ड बदलले आणि तो सर्व्हर हॉस्टेलच्या नेटवर्कवरून दिसेनासा केला. जाण्यापूर्वी आम्ही दोघांनी सर्व्हरचे जुने लॉग, म्हणजे आलेल्या मागण्यांच्या नोंदी, चाळले, आपल्याआधी कोणी येऊन गेलंय का बघायला. एक ओळ सापडली, सत्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली, रात्री पावणेदोनची, हॉस्टेलच्या आयपी पत्त्यावरून. तिथल्या कोणीतरी सात वेळा डॉट डॉट स्लॅश लावले होते. चार पुरले असते.