सरकारी आर्थिक माहिती प्रणाली आणि स्टेकहोल्डर मॅनेजमेंट

सरकारचं बजेट, खर्चाची मंजुरी, बिलं, पेमेंट, हिशेब आणि रिपोर्ट हे सगळं एकाच कॉम्प्युटर सिस्टीमवर आणायचं म्हणजे सरकारी आर्थिक माहिती प्रणाली, जगभर हिला इफमिस म्हणतात. ज्यांच्या कामावर, अधिकारावर किंवा पैशावर तिचा परिणाम होतो त्या सगळ्यांना वेळेत ओळखून, ऐकून घेऊन, सोबत ठेवून प्रकल्प चालवणं म्हणजे स्टेकहोल्डर मॅनेजमेंट. मराठीत हितधारक किंवा हितसंबंधी म्हणावं, भागधारक नको, तो शेअरवाला झाला.

यात अर्थमंत्रालय, ट्रेझरी, खर्च करणारी खाती, मध्यवर्ती बँक, ऑडिटर, कर्ज देणाऱ्या संस्था, व्हेंडर, बिल टाकणारा क्लार्क आणि पेमेंटची वाट बघणारा ठेकेदार असे सगळे येतात.

हे प्रकल्प सॉफ्टवेअरपेक्षा माणसांमुळेच जास्त अडतात, कारण सिस्टीम आली की कुणाच्या तरी हातातलं काहीतरी जातं. म्हणजे बघा, आधी ऑर्डर देऊन टाकायची आणि तरतूद नंतर शोधायची ही सवय असते, पण सिस्टीममध्ये तरतूद नसेल तर ऑर्डर निघतच नाही. तसंच सगळा सरकारी पैसा एकाच ट्रेझरी अकाउंटमध्ये आणला की सरकारी खात्यांची वेगवेगळी बँक अकाउंट बंद होतात, कुणाकडे किती शिल्लक पडून आहे ते अर्थमंत्रालयाला रोज दिसतं. मग विरोध होतो, पण तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, आमच्या खात्याचं काम वेगळं आहे असं सांगतात, डेटा उशिरा देतात, आणि जुनी रजिस्टरं बाजूला चालूच ठेवतात.

स्टेकहोल्डर ही कल्पना मॅनेजमेंटच्या अभ्यासात रुजली ती एडवर्ड फ्रीमन यांच्या १९८४ च्या मांडणीमुळे. नंतर प्रत्येक हितधारकाची सत्ता किती आणि रस किती हे मांडणारा, मेंडेलो या अभ्यासकाच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता आला, १९९७ मध्ये मिचेल, एगल आणि वुड यांनी सत्ता, वैधता आणि निकड हे तीन निकष दिले. तक्ता उपयोगी आहेच, पण त्यात क्लार्क कमी सत्तेच्या कोपऱ्यात जातो आणि ट्रेनिंगच्या दिवशीच आठवतो, ही मोठी चूक आहे, कारण एंट्री तोच करतो, त्याने चुकीच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबातल्या चुकीच्या सदराखाली, खर्च टाकला तर वरचा प्रत्येक रिपोर्ट चुकतो. त्याला डिझाइनच्या वेळीच बसवायला हवं.

टांझानियात १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली सिस्टीम बराच काळ यशस्वी उदाहरण म्हणून सांगितली जायची, तिथे तयार पॅकेज घेऊन स्थानिक लोकांना तयार करण्यावर भर होता. घानात त्याच दशकातला मोठा प्रयत्न वर्षानुवर्षं रखडला आणि पुढे गिफमिस नावाने नव्याने सुरुवात करावी लागली.

यश कशाला म्हणायचं यावरही एकमत नसतं, व्हेंडरला गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू झाली की यश, कर्ज देणाऱ्याला मुदत आणि खर्च, ऑडिटरला विश्वासार्ह नोंदी. मलावीत २०१३ मध्ये उघड झालेल्या कॅशगेट घोटाळ्यात सिस्टीम चालू होती, तरी तिच्यातूनच बोगस पेमेंट काढून नोंदी पुसल्या गेल्या. म्हणून गो-लाइव्हच्या तारखेपेक्षा एकूण खर्चापैकी किती खर्च खरोखर सिस्टीममधून जातो, वर्षअखेरचे हिशेब किती लवकर लागतात आणि खात्यांनी हाताची रजिस्टरं बंद केली का, हेच तपासणं जास्त खरं आहे.