ऑब्लिव्हियन, मॉरोविंड आणि लेव्हल स्केलिंगचा जुना वाद

२२ एप्रिल २०२५ रोजी बेथेस्डा स्टुडिओच्या 'एल्डर स्क्रोल्स' या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेतल्या ऑब्लिव्हियनचा रीमास्टर, म्हणजे जुन्या गेमची नव्या रूपातली आवृत्ती, जाहीर झाला आणि त्याच दिवशी विक्रीलाही आला. त्याला १२५ जीबी जागा आणि १६ जीबी रॅम लागते. पुण्यात इंजिनिअरिंगला आलेल्या पोराच्या साध्या लॅपटॉपला हे झेपत नाही. २००६ चा मूळ गेम एका डीव्हीडीवर मावायचा आणि आज तो कुठल्याही मशीनवर चालतो. म्हणून मग मूळच घ्यावा का, की त्याच्याही आधीचा मॉरोविंड, की सगळं सोडून सरळ त्यानंतरचा स्कायरिम, ही चर्चा इथे पुन्हा रंगली आहे. हे जुने गेम आजही खेळण्यासारखे आहेत, असं मी ठामपणे म्हणतो. पण त्यातला कोणता टिकला आणि कोणता सांभाळून खेळावा लागतो, हे ग्राफिक्सपेक्षा २००६ च्या एका निर्णयावर जास्त अवलंबून आहे.

त्याआधीचं थोडक्यात. याच मालिकेतल्या १९९४ च्या अरीना आणि १९९६ च्या डॅगरफॉल यांची जगं अवाढव्य होती, पण बहुतेक गावं आणि भुयारं संगणकाने सूत्रावरून तयार केलेली. २००२ च्या मॉरोविंडमध्ये त्याच स्टुडिओने नकाशा लहान केला आणि जग हाताने रचलं. त्याच सुमारास, २००१ मध्ये, जर्मनीतून गॉथिक आला. त्यात जंगलातली श्वापदं जिथे असायची तिथेच असायची. तुमची ताकद कमी असेल तर एका फटक्यात खेळ संपायचा. तुम्ही पळायचात आणि तयारी करून परत यायचात.

मॉरोविंडमध्ये कंपासवर बाण नाही. कुठे जायचं ते माणसं तोंडी सांगतात, ते डायरीत उतरतं आणि पुढे रस्ता तुम्ही शोधायचा. नव्या खेळाडूला पहिल्या तासात वैताग येतो तो लढाईचा. तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार गेलेली दिसते, तरी घाव लागत नाही, कारण आत फासे पडत असतात. त्या हिशोबात दमही धरला जातो आणि धावलं की दम कमी होतो. धावत जाऊन वार केला की तो हुकायची शक्यता वाढते. थोडं थांबून, दम भरून घेऊन, आपल्याला येत असलेल्या शस्त्राने लढलं की हाच गेम एकदम वेगळा वाटतो.

आता त्या निर्णयाकडे. ऑब्लिव्हियनमध्ये खेळाडूला पहिल्यापासून कुठेही जाता यावं, कुठलीही गुहा त्याला बंद नसावी, असं ठरलं. त्यासाठी शत्रू, लुटीचा माल आणि बरीच बक्षिसं खेळाडूच्या लेव्हलवर, म्हणजे खेळता खेळता चढत जाणाऱ्या त्याच्या पायरीवर, बांधली गेली. यालाच लेव्हल स्केलिंग म्हणतात. कल्पना अगदीच नवी नव्हती. डॅगरफॉलमध्येही ती होती आणि मॉरोविंडमध्येही काही प्रमाणात होती. पण एवढ्या सरसकट ती इथेच आली आणि त्याचे परिणाम विचित्र झाले. रस्त्यात अडवून शंभर मोहरा मागणारा वाटमारा सुरुवातीला साध्या चिलखतात असतो. तुम्ही वरच्या लेव्हलला पोचलात की तोच अंगावर काचेचं चिलखत घालून उभा असतो. ते विकलं तर त्याला जन्मभर वाटमारी करावी लागणार नाही, आणि तरीही तो शंभरच मागतो.

खरी अडचण याच्याही खाली आहे. मुख्य म्हणून निवडलेली कौशल्यं एकूण दहा वेळा वाढली आणि तुम्ही झोपलात की लेव्हल वाढते. धावणं आणि उड्या मारणं ही त्यातलीच कौशल्यं. ती मुख्य म्हणून निवडली तर नुसत्या उड्या मारून लेव्हल चढते, हातातली ताकद तेवढीच राहते आणि शत्रू मात्र तगडे होतात. शिवाय त्या लेव्हलमध्ये काय किती वाढलं यावर ताकद, चपळाई अशा गुणधर्मांना मिळणारा बोनस ठरतो, म्हणून लोक वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करत खेळायचे. कथेत राक्षसांनी वेढलेल्या क्वाच शहराकडे लवकर गेलं तर किरकोळ राक्षस भेटतात, उशिरा गेलं तर सोबतचे शिपाई टिकत नाहीत. खेळाडू जितका मेहनती, तितका तो जास्त भरडला जातो. माझ्या मते हा निर्णय चुकलाच. त्या जगातली शहरं, चोरांच्या टोळीची आणि मारेकऱ्यांच्या संघटनेची कामं इतकी सुंदर आहेत, म्हणूनच ही चूक मनाला जास्त लागते.

पुण्यात तेव्हा बहुतेकांच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्डच नसायचं. तपकीर गल्लीत कार्डांच्या किमती विचारून परत येणारे पुष्कळ. जुन्या कार्डांवर हा गेम चालावा म्हणून हौशी मंडळींनी 'ओल्डब्लिव्हियन' नावाची सोय केली होती. झाडं सपाट दिसायची, पाणी काळपट, पण गेम चालायचा. लेव्हलचा गोंधळ निस्तरणारे मॉडही, म्हणजे गेममध्ये वरून घालायचे बदल, हौशींनीच केले. त्यातल्या 'ऑस्कुरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल'ने शत्रू आणि खजिने बरेचसे ठरलेल्या ताकदीचे केले.

स्टुडिओनेही पुढे पाऊल मागे घेतलं. २०११ च्या स्कायरिममध्ये बहुतेक ठिकाणांना किमान-कमाल लेव्हल आहे आणि पहिल्या भेटीत ती पक्की होते. दुसऱ्याच स्टुडिओच्या, २०२२ च्या एल्डन रिंगने तर गॉथिकचाच रस्ता धरला. उघड्यावर येताच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार समोर असतो, आणि त्याला वळसा घालून पुढे जाण्यात शहाणपण असतं.

रीमास्टरमध्ये प्रत्येक लेव्हलला १२ गुण मिळतात आणि ते तीन गुणधर्मांत वाटता येतात. वहीतली आकडेमोड संपली, हे फार चांगलं झालं. शत्रू मात्र अजूनही तुमच्याबरोबर वाढतात. जुना गेम नव्याने उभा करणं किती अवघड असतं, याची झलक पुण्यालाही मिळाली आहे. २००३ च्या एका गाजलेल्या गेमचा रीमेक इथल्या आणि मुंबईच्या स्टुडिओकडे असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं.

साधा लॅपटॉप असेल तर मी मॉरोविंडपासून सुरुवात करायला सांगतो. गेम विकत घेऊन त्याच्या फाइल्स 'ओपनएमडब्ल्यू' या मोफत इंजिनात घालाव्यात. ते नव्या विंडोजवर आणि लिनक्सवर नीट चालतं. डॅगरफॉल फुकट मिळतो, पण तो 'डॅगरफॉल युनिटी' या हौशींनी नव्याने बांधलेल्या आवृत्तीमधूनच खेळावा. मूळ ऑब्लिव्हियन घेणाऱ्याने उड्या मारण्याचं कौशल्य मुख्य यादीत ठेवू नये आणि क्वाच लवकर उरकून घ्यावं.