नाव नसलेला मयत : खाडीकाठच्या जुन्या खुनांची पार्श्वभूमी

‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३० ते ३५, बांधा सडपातळ, रंग सावळा.’ ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या खुनाच्या फायलीत मयताचं वर्णन असं असेल, तर त्यात त्या काळच्या कारखान्याची अख्खी पाळी बसेल. खुनी कोण हा पुढचा प्रश्न. आधी मेला कोण तेच ठाऊक नसतं.

हा भाग अशा फायलींना सोयीचाच होता. आधी वागळे इस्टेट आणि टीटीसी या औद्योगिक वसाहतींतले कारखाने, १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारं सिडको हे सरकारी महामंडळ, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल. बांधकामावर आणि पारसिकच्या दगडखाणींत येणारा माणूस बहुधा एकटा यायचा. तो दिसेनासा झाला की मुकादमाला वाटायचं गावी गेला आणि गावाला वाटायचं मुंबईत आहे. ‘मिसिंग’ नोंदली गेलीच तर ती महिन्यांनंतर, दूरच्या कुठल्यातरी जिल्ह्यात. इकडे खारफुटी, घोडबंदरचं जंगल आणि हायवे, म्हणजे खून एका हद्दीत आणि प्रेत दुसऱ्या. ठाण्याला पोलीस आयुक्तालय मिळालं १९८१ मध्ये, नवी मुंबईला १९९४ मध्ये. हद्दी बदलल्या तसे कागदही हलले, त्यामुळे आज पहिला शोध घ्यावा लागतो तो फायलीचाच.

तेव्हाच्या तपासाची रीत ठरलेली होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली पंचनामा, शवविच्छेदन, चेहऱ्याचा फोटो, आजूबाजूच्या जिल्ह्यांना शोधपत्रिका. खरा आधार अंगावरच्या वस्तूंचा : कॉलरमागचा शिंप्याचा शिक्का, धोब्याची खूण, हातावर गोंदलेलं नाव. दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ म्हणत हरवलेल्यांचे फोटो दाखवत, पण त्यासाठी फोटो घेऊन येणारं घरचं कुणीतरी लागे. बोटांचे ठसे जुळवण्याची कला आपल्याकडे जुनी, कोलकात्यातला ठसे विभाग १८९७ चा. पण १९२० च्या कायद्याने ठसे घेतले जायचे ते मुख्यतः अटक झालेल्यांचे आणि शिक्षा भोगलेल्यांचे. कधी चौकीची पायरी न चढलेल्या मजुराचा ठसा जुळवणार कशाशी? (आधारचा ठसा आज बहुतेकांचा आहे, पण तो तपासासाठी द्यायला कायद्याची मनाई आहे.)

मग वारस न आल्याने अंत्यविधी उरकला जाई आणि काही काळाने ‘अ समरी’ : गुन्हा खरा, पण उघडकीस न आलेला. खुनाला मुदतीची अट नाही, त्यामुळे अशी फाइल कधीही पुन्हा उघडता येते. उघडल्यावर हाती काय लागतं ते मात्र त्या पहिल्या आठवड्यात ठरून गेलेलं असतं. प्रेत पुरलं असेल तर हाडं आणि दात मिळू शकतात. जाळलं असेल तर भिस्त मुद्देमालावर, आणि मुद्देमालाची रीतसर विल्हेवाट लागलेली असू शकते. अमेरिकेत ओहायोमध्ये १९८१ साली सापडलेल्या एका खून झालेल्या तरुणीचं नाव २०१८ मध्ये कळलं, कारण तिच्या रक्ताचा नमुना कुणीतरी इतकी वर्षं जपला होता. १९८१ मध्ये डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत निघालीच नव्हती. ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांना ती सापडली १९८४ मध्ये. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी ती दशकाच्या अखेरीस आणली.

तरी नुसत्या डीएनएने नाव कळत नाही. पेण तालुक्यात मे २०१२ मध्ये सापडलेले जळालेले अवशेष तीन वर्षं बेनाव राहिले. २०१५ मध्ये एका अटकेतल्या माणसाने तोंड उघडलं, तेव्हा नाव आधी आलं. उकरलेल्या हाडांची तपासणी आणि नातलगाच्या नमुन्याशी तुलना त्यानंतरची. नाव सुचवणारं कुणी नसेल तर तुलनेला साठा हवा, आणि बेपत्ता व्यक्ती व अनोळखी मृतदेह यांच्यासाठी स्वतंत्र नोंदसूची सुचवणारं २०१९ चं डीएनए विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आलं.

त्यामुळे जुन्या प्रकरणांत घरच्यांनीच पुढे येण्यावर सगळं अडतं, आणि तेव्हाचे आईवडील आता क्वचितच उरले असतील. जुन्या हाडांतून बऱ्याचदा मायटोकाँड्रियल डीएनएच हाती लागतो. तो फक्त आईकडून येतो, म्हणून सख्खी बहीण किंवा भाऊ चालतो, बहिणीची मुलंही चालतात. भावाची मुलं चालत नाहीत.