पलटे पाठ असणे आणि विस्तार येणे

कायद्याचे, म्हणजे ठरावीक बोलांच्या मूळ रचनेचे, पलटे (त्याच बोलांच्या फेरजुळण्या) पाठ करणे म्हणजे काय, हे तबला शिकणाऱ्या कोणालाही सांगायला नको. वहीत उतरवून घेतलेले चार-सहा पलटे आणि तिहाई (तीनदा वाजवायचा समारोपाचा तुकडा) हातात बसवायची, दुगुणीत स्वच्छ करायची आणि परीक्षेत क्रमाने वाजवायची. गत, तुकडा, चक्रदार या पूर्वसंकल्पित रचना तर अशाच पाठ करायच्या असतात. मात्र ‘या कायद्याचा विस्तार मला येतो’ असे सांगून वहीतलेच सहा पलटे ऐकवले जातात, तेव्हा हरकत घ्यावीच लागते.

हा फरक ओळखायचा तो खालीत, म्हणजे बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) काही काळ गप्प राहतो त्या भागात. दिल्ली घराण्याचा सर्वपरिचित कायदा घ्या: ‘धाधातिट धाधातूंना, तातातिट धाधाधींना’. विस्तार करणारा भरीत, म्हणजे बायाँसह वाजणाऱ्या आधीच्या भागात, ऐनवेळी सुचलेले ‘तिटधाधा तिटधाधा धाधातिट धाधातूंना’ वाजवतो आणि लगेच त्याला तेच, बायाँची घुमार काढून घेऊन, खालीत आणावे लागते: ‘तिटताता तिटताता तातातिट धाधाधींना’. म्हणजे निवडायचे, निवडलेले लक्षात ठेवायचे, शेवटी बायाँ वेळेवर परत आणायचा आणि हे सगळे सम (तालाची पहिली मात्रा) न सोडता करायचे. पाठ केलेला पलटा वाजवताना यातले काहीच करावे लागत नाही, कारण भरीबरोबर खालीही हाताला आधीच ठाऊक असते. म्हणूनच तो पलटा हजार वेळा घोटला तरी हात तयार होतो, विस्तार तयार होत नाही.

विस्ताराचा रियाज वेगळा करावा लागतो. लेहरा (तालाची आवर्तने दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून) सावकाश लावावा, ‘धाधातिट धाधातूंना’ हा उत्तरार्ध कायम ठेवावा आणि आधीची आठ अक्षरेच दर वेळी नव्याने, तीही फक्त ‘धाधा’ आणि ‘तिट’ यांतून जुळवावीत. कंटाळा आला म्हणून मध्येच ‘तिरकिट’ घुसडणे मला मुळीच मान्य नाही. कायद्याबाहेरचे बोल घेणार असाल, तर त्याला कायदा कशाला म्हणायचे? लय वाढवून गोंधळ झाकण्याची युक्तीही तशीच.

हे सगळे आधी हाताने ताल धरून पढंतीत, म्हणजे बोल तोंडाने म्हणत, करावे. तबल्यावर भरीत वाजवलेले विसरले, तरी बोटे सवयीने एखादा जुना पलटा खालीत सरकवून देतात आणि चूक ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पढंतीत मात्र भरीत ‘तिटधाधा’ म्हणून खालीत ‘तातातिट’ निघाले, की ते आपल्याच कानाला तत्काळ खटकते.