जिभेचा तो चार रंगांचा नकाशा

परवा नातीने वहीत भली मोठी जीभ काढली आणि रंगवून टाकली: टोकाला गोड, कडांना खारट-आंबट, मागे कडू. मीही शाळेत हेच घोकलं होतं. पण ते चूक आहे.

१९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेकडेने चवी तपासल्या. जागेजागी थोडा फरक आढळला, अगदी किरकोळ. १९४२ मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकातल्या आलेखात तोच फरक प्रचंड दिसू लागला आणि पाठ्यपुस्तकांनी त्याच्या चार वाड्या करून टाकल्या. १९७४ मध्ये फेरतपासणी झाली, चूक उघड झाली. पुस्तकांतली चित्रं मात्र हटली नाहीत.

खरं तर प्रत्येक स्वादकलिकेत वेगवेगळ्या चवी ओळखणाऱ्या पेशी शेजारीशेजारी असतात. (जिभेवर दिसतात ते नुसते उंचवटे, कलिका त्यांच्या आत.) कलिका मऊ टाळूवरही असतात. जिभेच्या मधोमध मात्र फारच कमी. आणि चवी चार नव्हे, पाच: पाचवी उमामी (टोमॅटो, मशरूममध्ये लागते ती भरदार चव), इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ओळखलेली.

नातीला आरशापुढे बसवलं. कापसाच्या काडीने मिठाचं पाणी टोकाला लावलं, म्हणजे नकाशातल्या ‘गोड’ जागी.

“खारट!” ती ओरडली.

मग पाण्याची चूळ, आणि कडेला साखरपाणी. “आजी, हे गोड!”

इंदूरच्या पोह्यांवर जिरावन मसाला, शेव, लिंबू आणि सोबत जिलेबी असते. एका घासात सगळं लागतं, कुठल्याही कोपऱ्यात ढकलावं लागत नाही.