मधुमेहातले कळणे आणि वळणे

साखर आटोक्यात न राहणाऱ्या माणसाविषयी घरात आणि दवाखान्यात एकच वाक्य ऐकू येते : 'कळतं, पण वळत नाही.' बोलणारा मोकळा होतो आणि दोष रुग्णाच्या पदरात पडतो. पण मधुमेहाविषयीचे ज्ञान आणि मधुमेहाकडे पाहण्याची वृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमके काय अडले आहे हे या वाक्यातून मुळीच समजत नाही.

ज्ञान प्रश्न विचारून तपासता येते. उपाशीपोटी साखर किती असावी, ती ७०च्या खाली गेली तर काय करावे, याची उत्तरे बरोबर असतात किंवा चूक. वृत्तीला अशी उत्तरे नसतात. हा आजार मला गंभीर वाटतो का, तो माझ्या हाताने आवरेल असे वाटते का, चारचौघांत गोड नाकारताना मला संकोच वाटतो का, अशा प्रश्नांतून माणूस कुठे उभा आहे एवढेच कळते.

एकादशीचे ताट पाहा. त्यात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर वाटीभर भगर. 'उपासाचं हलकं असतं, त्यानं साखर कशी वाढेल?' असे एखाद्या काकू मनापासून विचारतात, तेव्हा उणीव ज्ञानाची असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट (स्टार्च), ज्याची पोटात साखरच होते, हे त्यांना ताट समोर ठेवून सांगितले, तर पुढच्या एकादशीला खिचडी निम्मी होऊन दही आणि दाण्याची आमटी वाढण्याची शक्यता बरीच असते. त्यांच्याच जाऊबाईंना मात्र हे सारे पाठ असते, त्या ते दुसऱ्यांना समजावूनही सांगतात आणि स्वतः खिचडी पुन्हा वाढून घेतात, कारण 'एका दिवसानं काय होतंय?' त्यांच्या हातात आणखी एक माहितीपत्रक देणे म्हणजे छापखान्याचे भले करणे.

रक्ताच्या तपासण्यांतही हा फरक कधीकधी उमटतो. तपासणीपूर्वी चार दिवस कडक पथ्य केले, की उपाशीपोटीची साखर ११८ येऊ शकते. एचबीए१सी, म्हणजे सरासरी साखर दाखवणारी रक्ताची दुसरी तपासणी, मात्र ८.६ टक्के येते, म्हणजे सरासरी साखर २००च्या आसपास. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्यामुळे या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची नोंद असते आणि चार दिवसांच्या पथ्याने ती फारशी बदलत नाही. काय केले की आकडा चांगला येतो हे त्या माणसाला ठाऊक होते, हे ११८वरून दिसते; ते त्याने रोज केले नाही, हे ८.६वरून. (रक्तक्षय असेल तर हा आकडाही फसवू शकतो, म्हणून नुसत्या त्याच्यावरून कुणाला धारेवर धरू नये.)

असे असूनही ज्याला जास्त कळते त्याची साखर कमी, असा सरळ हिशेब रुग्णांच्या पाहण्यांमध्ये (सर्वेक्षणांमध्ये) हाती लागत नाही. कुठे संबंध दिसतो, कुठे पुसट असतो, कुठे मुळीच नसतो. एक कारण असे, की आजार जितका जुना तितके माणसाने डॉक्टरांकडून ऐकलेले जास्त, पण तोवर स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची ताकद ओसरत गेलेली असते. अशा रुग्णाला कळलेलेही असते आणि वळलेलेही, तरी जुन्या गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. दुसरे असे, की बहुतेक पाहण्या ज्ञान, वृत्ती आणि साखर एकाच वेळी मोजतात, त्यामुळे चांगल्या वृत्तीने साखर उतरली, की साखर उतरल्याने उमेद आली, हे त्यांतून ठरवता येत नाही.

सर्वांत मोठा गोंधळ इन्सुलिनपाशी होतो. 'एकदा सुरू केलं की सवय लागते' हे वाक्य ऐकायला गैरसमजासारखे वाटते, पण इन्सुलिन हे शरीरात मुळातच तयार होणारे द्रव्य आहे असे सांगूनही माणूस हलला नाही, तर त्यामागे बहुधा सुईची भीती किंवा 'आता आपलं संपलं' ही भावना असते. तिथे समजावण्याआधी ऐकून घ्यावे लागते. उलट प्रकारही घडतो. नेमाने इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला साखर उतरत नाही म्हणून 'पथ्य पाळत नाही' असे बोल लागतात, आणि पोटावर हात फिरवून पाहिले तर बेंबीच्या उजव्या बाजूला मऊसर गाठ लागते. वर्षानुवर्षे तो त्याच जागी टोचत आला आहे आणि गाठीतून औषध नीट शोषले जात नाही. जागा बदलत राहायची, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. ते सांगताना डॉक्टरांना विचारून इन्सुलिनची मात्राही नव्याने ठरवावी लागते, कारण निरोगी जागेतून तेच औषध पूर्ण लागू पडते आणि साखर एकदम खाली येऊ शकते.