चष्म्याला काडी आली चारशे वर्षांनी

आमच्या आबाजींच्या चष्म्याला डाव्या बाजूची काडी नव्हती. तिच्या जागी दोरा होता. गोधडी शिवायचा जाड सुती दोरा, बिजागरीच्या भोकातून ओवलेला, टोकाला कानात अडकेल एवढा फास. तेलाने आणि घामाने तो काळा, कडक झाला होता. संध्याकाळी ओसरीवर पोथी उघडली की आबाजी आधी चष्मा नाकावर बसवत, मग फास कानात घालत, मग डोकं दोनदा हलवून पाहत. सरकला नाही तरच वाचन सुरू. कधी जागेवर नसला की हाक यायची, "काऊन रे, माहा चष्मा कोठी ठेवला?" वर्धा-यवतमाळकडच्या गावांत असा दोऱ्याचा चष्मा मोहल्ल्यात एक-दोन जणांकडे तरी असायचाच. अजूनही दिसतो.

लहानपणी मला तो दोरा म्हणजे नुसती अडचणीतली सोय वाटे. पुढे चष्म्याचा इतिहास वाचला तेव्हा कळलं की दोरा काडीपेक्षा जुना आहे. भिंग माणसाला आधी सापडलं. ते डोळ्यांसमोर टिकवायचं कसं, हे कळायला मात्र चारशेच्या वर वर्षं गेली. आज चष्म्याच्या ज्या भागांची नावं आपण दुकानात ऐकतो, ते बहुतेक सगळे या एका अडचणीतून एकेक करून जन्मले आहेत.

सुरुवात इटलीची. १३०६ साली जोर्दानो दा पिझा या धर्मोपदेशकाने फ्लोरेन्समधल्या प्रवचनात सांगितलं, की चष्मे करण्याची कला सापडून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत, आणि ज्याने ती शोधली त्याला मी पाहिलं आहे, त्याच्याशी बोललो आहे. त्यावरून १२८६च्या आसपासचा काळ धरतात. त्या माणसाचं नाव मात्र त्याने घेतलं नाही. चित्रात चष्मा दिसतो तो १३५२ सालचा. त्रेव्हिझोच्या मठात तोमासो दा मोदेना या चित्रकाराने भिंतीवर रंगवलेला एक कार्डिनल, म्हणजे वरिष्ठ ख्रिस्ती धर्मगुरू, नाकावर चष्मा ठेवून लिहीत बसला आहे. दोन भिंगं, प्रत्येकाभोवती गोल कडं, कड्याला छोटी मूठ, आणि दोन्ही मुठी टोकाशी एका खिळ्याने जोडलेल्या. अडकित्त्यासारखा उघडायचा आणि नाकाला चिमटून बसवायचा. मान हलली की पडला.

तो खिळा म्हणजे आजच्या ब्रिजचा पूर्वज. दोन भिंगांमधली, नाकावरून जाणारी कमान ती ब्रिज. खिळ्याच्या जागी पुढे सलग कमान आली, कधी चामड्याची, कधी शिंगाची, कधी तारेची. ब्रिज नीट जमला नाही तर बाकी चष्मा कितीही भारी असो, तो घसरतो. आपल्याकडे नवी नोट जवळ असेल तर मागची बाजू बघा. स्वच्छ भारत अभियानाचा गांधीजींचा चष्मा तिथे छापलेला आहे, एका काचेत 'स्वच्छ', दुसरीत 'भारत', आणि मधे ब्रिज. १९३६ पासून ज्यांचं घर आमच्या जिल्ह्यातलं सेवाग्राम होतं, त्या माणसाची ओळख सांगायला दोन वर्तुळं आणि त्यांना जोडणारी ती कमान पुरते.

पहिले चष्मे फक्त जवळचं पाहण्यासाठी होते. भिंग मधे जाड, कडेला पातळ. वय वाढलं की डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होत जातं, जवळच्या वस्तूसाठी त्याला पुरेसं फुगता येत नाही, आणि माणूस पोथी लांब धरायला लागतो. मराठीने हे किती नेमकं टिपलंय. या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो, वयावरून. 'चष्मा' हा शब्द फारसी 'चश्म'वरून, म्हणजे डोळ्यावरून आला. पण चाळिशी आपली. त्या एका शब्दात रोगाचं नाव, रोग्याचं वय आणि उपाय असं सगळं आलं.

दूरचं न दिसणाऱ्यांसाठी मधे पातळ आणि कडेला जाड भिंग लागतं. ते उशिरा आलं. १४६२ साली मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने फ्लोरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले, त्यात तरुणांसाठी लांबचे आणि म्हाताऱ्यांसाठी जवळचे असे वेगळे सांगून. म्हणजे तोवर दोन्ही भिंगं बाजारात होती. त्याच सुमारास छपाई सुरू झाली, वाचणारे वाढले, तशी चष्म्याची मागणीही वाढली. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गमध्ये तांब्याच्या तारेचे स्वस्त चष्मे ढिगाने होऊ लागले आणि फेरीवाले ते गावोगाव विकू लागले. आमच्या आठवडी बाजारात कंगवे-आरशांच्या शेजारी ताडपत्रीवर मांडलेले चष्मे पाहिले की मला हाच फेरीवाला आठवतो.

भारतात चष्मा केव्हा आला, याचा माग एका मराठी संशोधकाने काढला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी १५०० ते १८०० या काळातले भारतातले चष्म्याचे उल्लेख गोळा केले. त्यांतला फार जुना उल्लेख विजयनगरच्या व्यासराय या वैष्णव यतींचा. त्यांच्या संस्कृत चरित्रात ते चष्म्यातून ग्रंथ वाचताना दिसतात. सोळाव्या शतकाची ती सुरुवात.

आता दोरा. नाकाला चिमटलेला चष्मा पडतो, म्हणून स्पेनमधल्या कारागिरांनी कड्यांना रेशमी फिती लावून त्यांचे फास कानात अडकवले. मिशनऱ्यांबरोबर ते चीनमध्ये गेले. तिथे दोऱ्याच्या टोकाला छोटी वजनं बांधून ती कानामागे लोंबत सोडू लागले. आबाजींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. काडी तुटली, स्क्रू हरवला, तालुक्याला जायला वेळ नव्हता, आणि हात आपोआप त्याच उपायावर गेला.

काडीचं श्रेय लंडनच्या एडवर्ड स्कार्लेट या चष्मेवाल्याला देतात. साल १७३०च्या आसपास. पण त्याची काडी कानापर्यंत पोचत नव्हती. ती कानशिलावरच संपे, टोकाला वळलेली चकती असे, आणि ती चकती कानशिलाला दाबून धरी. इंग्रजीत काडीला टेम्पल म्हणतात ते यामुळेच. टेम्पल म्हणजे कानशील. दुकानात हा शब्द ऐकून मला देवळाशी याचा काय संबंध, असा प्रश्न बरीच वर्षं पडायचा. १७५२ साली जेम्स आयस्कफ याने काडीला मधेच आणखी एक बिजागरी दिली, त्यामुळे लांब काडी डोक्यामागे वळवता येऊ लागली. कानामागे वाकणारी आजची काडी त्यानंतरची.

बिजागरी आणि तिच्यातला स्क्रू, हा सगळ्यांत छोटा भाग. आणि गावात सगळ्यांत जास्त चष्मे मरतात ते इथेच. भिंग शाबूत, फ्रेम शाबूत, पण मुंगीएवढा स्क्रू निघून गेला की चष्मा पेटीत पडतो. मग कोणी वाकवलेली टाचणी घालतं, कोणी तार पिळतं, कोणी सोनाराकडून सांधून आणतं. जिल्ह्याच्या दुकानात तो स्क्रू दहा-वीस रुपयांत, कधी फुकटही बसवून मिळतो. हे लोकांना माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

फ्रेमच्या साहित्यावर जास्त थांबत नाही. कासवाच्या पाठीपासून फ्रेमा होत, पुढे प्लास्टिक आलं, तरी दुकानदार जाड प्लास्टिकच्या फ्रेमला अजून 'शेल', म्हणजे कवच, म्हणतात. तारेच्या फ्रेमला नाकाशी दोन मऊ नोज पॅड असतात, ते वाकवून चष्मा वर-खाली करता येतो. शेलमध्ये ही सोय बहुधा नसते. काचेच्या जागी प्लास्टिकचं भिंग आलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शोधलेल्या सीआर-३९ या रेझिनमुळे. वजन जवळपास निम्मं झालं.

हे वजन काय असतं ते आमच्या आजीला विचारायला हवं होतं. तिचा मोतीबिंदू शिबिरात काढला तेव्हा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची पद्धत खेड्यांपर्यंत आली नव्हती. धुरकटलेलं भिंग काढून टाकायचे, आणि त्याची भरपाई बाहेरून, अधिक दहाच्या आसपास नंबरची काच लावून. सोडाबाटलीच्या बुडासारखी. त्या काचेतून आजीचे डोळे केवढाले दिसत. चष्मा सतत नाकाच्या शेंड्यावर यायचा, नाकावर दोन लाल खड्डे पडायचे, म्हणून तिनेही दोराच बांधला होता. लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्याच्या आत भिंग १९४९ सालीच बसवलं होतं. आपल्याकडे १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला. त्या काळात आतलं भिंग हळूहळू रुळलं. आज शिबिरातून आलेल्या माणसाला तो जड चष्मा लागत नाही. आजीला हे मिळालं नाही.

एकाच काचेत लांबचं आणि जवळचं अशी दोन्ही भिंगं असलेल्या चष्म्याची गोष्ट अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनची. फ्रान्समधून लिहिलेल्या १७८५च्या पत्रात तो सांगतो की जेवताना खालच्या अर्ध्या काचेतून ताट दिसतं, वरच्या अर्ध्यातून समोरच्याचा चेहरा दिसतो, आणि बोलणाऱ्याचे ओठ दिसले की त्याची फ्रेंच भाषा अधिक समजते. आपल्या दुकानांतले 'केटी' (खाली जवळचं भिंग गोल) आणि 'डी' (खाली जवळचं भिंग इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं) हे त्याच कल्पनेचे पुढचे प्रकार.

बाजारातला तयार चष्मा घेऊन काकू गेली दोन वर्षं डाळ निवडते आहे. खडे दिसतात, पण तासाभरात डोकं दुखतं. त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो, आणि दोन भिंगांच्या मध्यांमधलं अंतर कोणाच्याही डोळ्यांवरून मोजलेलं नसतं. बाहुल्या काचेच्या मध्यासमोर आल्या नाहीत की डोळ्यांना ओढ बसते. मागच्या महिन्यात तिला तालुक्याला नेलं. तपासणाऱ्या मुलीने पट्टी धरून दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं, तेव्हा काकू म्हणाली, "माय, कपडे शिवतं का डोळ्याले?"

नव्या चष्म्याच्या काडीवर आतून आकडे आहेत, ५०, १८, १४०. भिंगाची रुंदी, ब्रिजचं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. घरी येऊन मी आबाजींचा चष्मा पेटीतून काढला. उरलेल्या उजव्या काडीवरही आत काहीतरी छापलेलं होतं. बहुतेक झिजून गेलंय, शेवटचा शून्य तेवढा वाचता येतो.